कॉइलओव्हरची उंची : रिंग फिरवण्याआधी अंगणातली फरशी तपासा

अंबाजोगाईहून एका वाचकाने पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे : ‘माझ्याकडे दहा वर्षांची पोलो आहे. नोकरीनिमित्त आठवड्यातून पाच दिवस लातूरला ये-जा असते. सहा महिन्यांपूर्वी कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा, वापरलेला संच विकत घेऊन बसवला आणि गाडी सुमारे ४५ मिलिमीटर खाली घेतली. आता गतिरोधकावर पोट घासते. शिवाय गाडी एका बाजूला झुकलेली दिसते. अंगणात रिकामी उभी करून जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजले, तर पुढे डावीकडे ६०८ आणि उजवीकडे ६२०, मागे डावीकडे ६१८ आणि उजवीकडे ६२१ मिलिमीटर भरले. सर्वांत खालचा भाग जमिनीपासून ११८ मिलिमीटरवर आहे. शॉकअपवर एकावर एक अशा दोन रिंगा आहेत, त्यांच्या खाली फिरणारे दुसरे काही नाही. गॅरेजवाले म्हणतात, पुढची डावी रिंग वर चढवून स्प्रिंग आवळू, म्हणजे ती कडक होईल, गाडी सरळ होईल आणि घासणेही थांबेल. तसे करावे का?’

आपण चारही कोपऱ्यांची मापे पाठवलीत याबद्दल आपले आभार मानतो, कारण बहुतेक पत्रांत ‘एका बाजूने बसलेली वाटते’ यापलीकडे काही नसते. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या चार आकड्यांतच दडलेले आहे. गॅरेजचा सल्ला मात्र आपण मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात तीन गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या आहेत आणि तिन्ही वेगळ्या करून पाहिल्या तर एकही टिकत नाही.

आधी आकडे पाहू. गाडीची बॉडी हा एक ताठ डबा असतो. तो पुढे-मागे झुकतो, डावीकडे-उजवीकडे कलतो, पण ओल्या कापडासारखा पिळला जात नाही. म्हणून गाडी खरोखरच डावीकडे कललेली असेल, तर पुढच्या बाजूला जेवढा फरक दिसतो जवळपास तेवढाच मागच्या बाजूलाही दिसायला हवा. आपल्याकडे पुढे १२ आणि मागे अवघा ३ मिलिमीटर आहे. हे डब्याला शक्य नाही. याचा अर्थ एकतर पुढचे एखादे मडगार्ड डेंटिंगच्या कामानंतर थोडे खालीवर बसवले गेले आहे, किंवा, आणि याचीच शक्यता मला अधिक वाटते, आपल्या अंगणातली फरशी सपाट नाही. पुढच्या डाव्या चाकाखालची एक फरशी साधारण ९ मिलिमीटर उचललेली असेल तर नेमके असेच आकडे येतात : खरा कल पुढच्या आणि मागच्या फरकाच्या सरासरीएवढा, म्हणजे साडेसात मिलिमीटर, आणि त्यावर पुढे साडेचारची भर, मागे साडेचारची घट. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या अंगणात शहाबादी फरशी पाणी वाहून जावे म्हणून उताराने बसवलेली असते. सरळ एकसारखा उतार फारसे बिघडवत नाही, पण खालची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तशी एखादी फरशी वर येते, एखादी खचते, आणि आपण मोजतो ते गाडीचे माप नसून फरशीचे असते.

म्हणून पहिले काम पान्याचे नाही, गवंड्याच्या पाण्याच्या नळीचे आहे. चारही चाके जिथे टेकतात त्या चार जागा नळीने एका पातळीत आहेत का ते पाहावे आणि जिथे कमी पडेल तिथे प्लायवूडचे किंवा पातळ फरशीचे तुकडे सारावेत. एकदा जागा ठरली की तिच्यावर ऑइलपेंटने खुणा करून ठेवाव्यात, म्हणजे दर वेळी गाडी तिथेच उभी राहील. माप जमिनीपासून न घेता चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावे, म्हणजे एखाद्या टायरमध्ये हवा कमी असली तरी तो फरक मापात मिसळत नाही. हवा तरीही चारही टायरांत ठरलेल्या दाबाची भरावी, टाकी अर्धी असावी, आणि गाडी जॅकवरून उतरवल्याबरोबर मोजण्याची घाई करू नये, कारण उतरताना चाके आत ओढलेली राहतात आणि गाडी खोटी उंच दिसते. ती चारपाच मीटर पुढे-मागे ढकलून, बंपरवर दोनतीनदा वजन देऊन मगच टेप लावावी.

आता ‘स्प्रिंग आवळली की कडक होते’ या समजुतीकडे वळू. ही समजूत इतकी जुनी आणि इतकी सर्वत्र पसरलेली आहे की ती चुकीची आहे असे सांगताना माणूसच उद्धट वाटतो. एक हिशेब करून पाहू. समजा आपल्या पुढच्या एका स्प्रिंगवर २८० किलो भार येतो आणि ती स्प्रिंग दर मिलिमीटरला ५ किलो घेते. गाडी जमिनीवर उभी राहिली की ती स्प्रिंग ५६ मिलिमीटर दबेल, मग आपण रिंग कुठेही ठेवा. चाक हवेत असताना रिंग १० मिलिमीटर वर चढवली, तर स्प्रिंग आधीच १० मिलिमीटर दबलेली राहील आणि गाडी खाली ठेवल्यावर उरलेले ४६ मिलिमीटर दबेल. बेरीज तीच ५६. गाडी मात्र १० मिलिमीटर वर राहील. त्यानंतर खड्डा आला तर पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला पूर्वीइतकेच ५ किलो लागतील, एक ग्रॅमही जास्त नाही. स्प्रिंगची तार, तिची जाडी, वेढ्यांचा व्यास किंवा त्यांची संख्या बदलल्याखेरीज तिचा कडकपणा बदलत नाही. सगळ्या वेढ्यांमध्ये सारखे अंतर असलेल्या स्प्रिंगला हे काटेकोर लागू पडते आणि कॉइलओव्हरच्या मुख्य स्प्रिंगा बहुधा तशाच असतात.

रिंग वर चढवल्याने जे खरोखर बदलते ते असे : आपल्यासारख्या दोन रिंगांच्या रचनेत शॉकअपचा दांडा पूर्वीपेक्षा अधिक बाहेर राहतो, म्हणजे दबण्यासाठी जागा वाढते आणि चाक खाली लोंबण्यासाठी उरलेली जागा तेवढीच कमी होते. त्यामुळे गाडी आदळणे कमी होऊ शकते, आणि गॅरेजवाल्यांनी हाच अनुभव ‘कडक झाली’ या शब्दांत साठवला असावा. ज्या संचात खालचा ब्रॅकेटही आट्यांवर फिरतो आणि तिसरी रिंग असते, त्यात उंची ब्रॅकेटने बदलतात आणि दांड्याची चाल तशीच राहते; तो प्रकार आपला नाही, म्हणून त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

तिसरी चूक सर्वांत महागात पडणारी आहे, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घेतो. एकच रिंग फिरवून एकच कोपरा उचलता येत नाही. बाजेच्या एका पायाखाली वीट सरकवली तर काय होते ते आपण पाहिले आहे : तो पाय तर उचलला जातोच, पण समोरासमोरचा तिरपा पाय आणि तो, असे दोघेच सगळे वजन घेऊ लागतात आणि उरलेले दोन हलके होतात. गाडीतही तेच घडते, फक्त स्प्रिंगांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही. चारही स्प्रिंगा सारख्या आहेत आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडी कमी कलावी म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) मोकळा आहे असे धरले, तर पुढची डावी रिंग १२ मिलिमीटर चढवल्यावर तो कोपरा ९ मिलिमीटरच वर येतो, पुढचा उजवा आणि मागचा डावा प्रत्येकी ३ मिलिमीटर वर येतात आणि मागचा उजवा ३ मिलिमीटर खाली जातो. पुढचा १२ मिलिमीटरचा फरक त्यातून फक्त ६ ने कमी होईल. पूर्ण फरक मिटवायचा तर रिंग २४ मिलिमीटर चढवावी लागेल. तेव्हा पुढचे माप जुळेल आणि मागची डावी बाजू, जी आज ३ मिलिमीटर खाली आहे, ती ९ मिलिमीटर वर जाईल. वरच्या उदाहरणातली ५ किलोची स्प्रिंग धरली तर पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकावर प्रत्येकी सुमारे ३० किलो भार वाढेल आणि इतर दोन चाकांवरचा तेवढाच उतरेल. प्रत्यक्ष गाडीत हे आकडे थोडे सरकतील, दिशा बदलणार नाही. पावसात जोराने ब्रेक मारल्यावर हलके झालेले पुढचे उजवे चाक आधी घसरू लागेल, आणि गाडी डाव्या वळणावर एक व उजव्या वळणावर दुसरीच वागेल.

यातला खरा धोका असा की हा तिरपा पीळ टेपला दिसतच नाही. डबा ताठ असल्यामुळे चारही मापे अगदी जुळलेली असतानाही दोन चाके जड आणि दोन हलकी असू शकतात. चाकाखाली ठेवायचे वजनकाटे आपल्याकडे सहज मिळत नाहीत. त्यामुळे सामान्य माणसाला एकच भरवशाचा उपाय उरतो : डाव्या आणि उजव्या शॉकअपवर रिंगेखाली उघडे राहिलेले आटे व्हर्नियरने मोजून ते दोन्हीकडे सारखे करावेत, आणि तिथून पुढे रिंगा नेहमी जोडीने, म्हणजे दोन्ही पुढच्या, दोन्ही मागच्या किंवा एकाच बाजूच्या दोन्ही, फिरवाव्यात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक संपूर्ण रविवार एकाच रिंगेमागे घालवला होता. संध्याकाळी मापे सुंदर जुळली आणि सोमवारी गाडी पहिल्याच वळणावर परक्याची वाटली.

उघडे आटे मोजताना दोन गोष्टींपैकी एक आढळेल. दोन्ही बाजूंच्या रिंगा मुळातच वेगवेगळ्या उंचीवर असतील, तर साडेसात मिलिमीटरच्या कलाचे कारण सापडले आणि काम सोपे झाले. रिंगा सारख्या असूनही गाडी डावीकडे कलत असेल, तर वापरलेल्या संचातली एखादी स्प्रिंग बसली असेल, किंवा स्प्रिंगचे टोक तिच्या बैठकीतल्या खाचेत नीट टेकलेले नसेल, किंवा बसवताना खालच्या आर्मचे बोल्ट चाके लोंबकळत असतानाच आवळले गेले असतील. हा शेवटचा दोष आपल्याकडच्या गॅरेजांत फार आढळतो. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच पक्के करायचे असतात, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते, गाडीची उंची चुकीची दाखवते आणि बुश लवकर फाटतात. ते चारही बोल्ट सैल करून, गाडी जमिनीवर हलवून, पुन्हा आवळल्यावर कल आपोआप कमी झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

आता किती उंची ठेवावी या प्रश्नाकडे येतो, आणि इथे माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही. आपल्या ११८ मिलिमीटरमध्ये चार माणसे आणि सामान चढले की आणखी २५ ते ३० मिलिमीटर कमी होतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंदीचा आणि सुमारे १० सेंटिमीटर उंचीचा असतो. आपल्या गाडीची पुढची-मागची चाके सुमारे २.४७ मीटर अंतरावर आहेत, त्यामुळे दोन्ही जोड्या अशा गतिरोधकावर असताना मधला उंचवटा चाकांच्या पातळीपेक्षा जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर असतो आणि भरलेली गाडीही सावकाश नेली तर घासत नाही. म्हणजे आपली अडचण मानकातल्या गतिरोधकाची नाही. अडचण आहे ती गावकऱ्यांनी एखाद्या अपघातानंतर रातोरात घातलेल्या हातभर रुंद, उंच डांबरी वरवंट्याची, जो चाकांच्या मध्ये आला की त्याची पूर्ण उंची आपल्या पोटाखाली उभी राहते. त्यात काळ्या मातीवरचे रस्ते लाटांसारखे वरखाली झालेले असतात, आणि गाळपाच्या हंगामात ट्रॉलीतून पडलेला ऊस रात्री दिसत नाही. या भागात रोजच्या वापराची गाडी रिकामी असताना १४० मिलिमीटरच्या खाली ठेवू नये असे मी मानतो. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर ११८ मिलिमीटर खपून जातील, परंतु आपल्याला रोज रेणापूरच्या वाटेने जायचे आहे.

तेव्हा उजवीकडच्या दोन्ही चाकांपाशी माप २० मिलिमीटरने आणि डावीकडच्या दोन्ही चाकांपाशी २५ मिलिमीटरने वाढवावे. कल साडेसातचा असताना डावीकडे पाचच मिलिमीटर जास्त का, असा प्रश्न आपल्याला पडेल. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि त्याच्या वजनाने उजवी बाजू दोनतीन मिलिमीटर दबते. रिकाम्या गाडीत डावी बाजू तेवढी खाली राहिली तर चालवताना गाडी सरळ असते. खात्री करायची असल्यास चालकाच्या आसनावर सिमेंटचे ५० किलोचे एक पोते आणि पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार ठेवून मोजावे.

पुढच्या बाजूला रिंग जेवढी चढेल जवळपास तेवढीच गाडी वर येईल, कारण तिथे स्प्रिंग चाकाच्या अगदी लगत आहे. मागे मात्र आपल्या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. संचाला नाव कॉइलओव्हर असले तरी मागची उंची दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या बीमवरच्या स्प्रिंगच्या बैठकीत बसवलेल्या आट्यांच्या भागाने बदलते. ही स्प्रिंग चाकाच्या पुढे, बीमच्या सांध्याच्या जवळ असल्यामुळे तिथे १० मिलिमीटर फिरवल्यावर चाकापाशी १० पेक्षा जास्त फरक पडतो. म्हणून मागे दोन्ही बाजू आधी १० मिलिमीटर चढवून, गाडी उतरवून, मोजून, मग उरलेले ठरवावे. एका फेऱ्यात रिंग किती सरकते हेही अंदाजाने धरू नये. पेंटने खूण करून दहा पूर्ण फेरे फिरवावेत, सरकलेले अंतर मोजावे आणि त्याला दहाने भागावे.

प्रत्यक्ष काम सुरू करण्याच्या आदल्या रात्री आट्यांवरची वाळलेली माती पितळी ब्रशने काढून पाण्याने धुवावी आणि गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. ॲल्युमिनियमची रिंग आणि पोलादी आटे यांच्यात ओल शिरली की ती जागीच चिकटते, आणि मग छिन्नी-हातोडी बाहेर निघते; छिन्नीचा एक घाव बसलेली रिंग पुन्हा कधी नीट फिरत नाही. संचासोबतचा हूक पाना हरवला असल्यास तो आधी मिळवावा. गाडी उचलल्यावर ती स्टँडवरच ठेवावी, नुसत्या जॅकवर हात घालू नये. अँटी-रोल बारच्या लिंक रॉडचे एका बाजूचे टोक सोडून ठेवावे, म्हणजे बारचा पीळ मापात शिरणार नाही. चाक पूर्ण लोंबत असताना वरची आणि खालची रिंग एकमेकींपासून सोडवून, स्प्रिंग आपल्या जागेवरून फिरणार नाही याकडे लक्ष ठेवून उंची बदलावी. शॉकअपच्या अगदी वरच्या टोकाचा मधला नट कोणत्याही कारणाने सोडू नये. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय तो सोडणे जिवावर बेतू शकते. मापे मनासारखी आल्यावर रिंगा एकमेकींवर घट्ट कराव्यात, लिंक रॉड जोडावा, आर्मचे बोल्ट वजन आल्यावर पक्के करावेत, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा होज किंवा एबीएसची वायर कुठे ताणली जात नाही ना ते पाहावे.

उंची बदलली की पुढच्या चाकांचा टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) दोन्ही बदलतात, त्यामुळे अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घ्यावी; ती न करता महिनाभर लातूरला ये-जा केलीत तर टायर आतून किंवा बाहेरून खाल्लेला दिसेल. मागच्या बीमला असे समायोजन नसते. हेडलाइटचा झोत मात्र जरूर तपासावा, कारण पुढचा भाग मागच्यापेक्षा थोडा जरी जास्त उचलला गेला तरी समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जातो.

गाडी अजून पोट टेकवते की नाही हे रस्त्यावरच कळते, आणि त्याचीही सोपी युक्ती आहे. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर प्लास्टिकची एक पट्टी, ढकलल्यावर सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत, बांधून ती शॉकअपच्या नळीवर टेकवून ठेवावी. धूळ अडवणारे रबर त्यासाठी वर सरकवावे लागेल. दोन दिवस नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वजनाने गाडी चालवावी. पट्टी वर जिथे सरकून थांबेल तिथपर्यंत शॉकअप दबला असे समजावे. ती दांड्यावरच्या रबरी ठोकळ्याला रोज खेटत असेल, तर आणखी ५ मिलिमीटर वर जाण्याशिवाय किंवा अधिक कडक स्प्रिंग बसवण्याशिवाय मार्ग नाही. ठोकळ्याच्या खाली १०-१५ मिलिमीटर थांबत असेल, तर उंची आपल्या रस्त्याला जुळली.

एक गोष्ट आपण विचारली नाही, पण सांगणे माझे काम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रातल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदलासाठी कलम १८२ अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकते. विमा कंपनीला या बदलाची लेखी कल्पना दिलेली नसल्यास अपघाताच्या वेळी दावा अडू शकतो. मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप भंगारात न देता जपून ठेवावेत.

नळीने पातळी साधल्यावर चारही मापे आणि चारही उघड्या आट्यांची लांबी एका वहीत तारखेसह लिहावी. रिंगा बदलल्यानंतर दोनशे किलोमीटर झाले की त्याच खुणांवर गाडी उभी करून पुन्हा मोजावे, कारण स्प्रिंगा आणि रबरे थोडी बसतात, आणि एकमेकींवर घट्ट केलेल्या रिंगाही त्याच वेळी पुन्हा एकदा आवळून पाहाव्यात. पातळीत केलेल्या जमिनीवरही पुढचा आणि मागचा फरक वेगळाच आला, तर शंका मडगार्डवर जाते. तेव्हा रिंगांना हात न लावता ते आकडे मला कळवावेत.